ओळ सत्तेचाळीस

अड्याळ, १९ मे २०२५

प्रिय भाची शुभांगीले मामाचा आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, मामा, आता जे सांगायचं ते कागदावर, तारीख टाकून, पोस्टानं. घरच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकू नका. मले हसू आलं. वेल्डिंगचा चष्मा काढून बॉलपेन धरायले वासुदेवले अठ्ठावन्न वर्षांचं व्हावं लागलं. पण तुमचं ऑफिसच पेटंटच्या शोधाचं, नियम तुमचे. कागद पाहिजे तं घे कागद.

तर आपला घसरपाट. तुले माहीत आहे, रोवण्याच्या आधी धानाचे पऱ्हे काढायले बाया दिवसभर चिखलात ओणव्या राहतात. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. मी बसायले पाट केला. खाली टिनाचा तळ, तळाचं पुढचं नाक वर उचललेलं. बाई त्यावर बसते, धानाची रोपं उपटते, पायानं जरासा रेटा दिला की पाट चिखलावरून पुढं सरकते. मागं छोटी टाच आहे, ती पाटाले मागं घसरू देत नाही. बस, एवढंच. पण हे एवढंच कोणाले सुचलं नव्हतं.

नागपूरची कंपनी तीन हजार नग काढायले तयार आहे, पण पेटंट मिळत असन तरच. शोधाचं काम त्यांनी तुमच्याच ऑफिसले दिलं हे माझं नशीब. १० जुलैले त्यांचा माणूस अर्ज घेऊन अड्याळले येते. त्याचा नमुना मले दाखवला. त्यात एक ओळ आहे, मी चारदा वाचली. 'मी या शोधाचा खरा व पहिला शोधक आहे.' खाली सहीची जागा.

पोरी, तीस वर्षं झाली गेट करून राहिलो, ग्रिल करून राहिलो, ट्रॉल्या करून राहिलो. एकावरही माझं नाव नाही. तुझी मामी म्हणते, नाव घेऊन का चाटाचं आहे. मले पाहिजे, आता का सांगू.

आवरतो. दुकानासमोर मंगलाबाई येऊन उभी आहे, माही डोंगी केव्हा देता म्हणून डोकं खाऊन राहिली. दुरुस्तीच्या कामाले अंत नाही.

तुझा मामा,
वासुदेव

---

पुणे, २७ मे २०२५

ती. मामांना सा. न.

पत्र मिळालं. अक्षर छान आहे तुमचं, उगाच लपवून ठेवलंत इतकी वर्षं.

पहिल्याच दिवशी मी आमच्या सरांना सांगितलं की शोधक माझे सख्खे मामा आहेत. काम माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी ठेवलं, पण माझा अहवाल दुसऱ्या एक मॅडम ओळ न ओळ तपासणार. त्या फार कडक आहेत. म्हणून मीही कडकच राहणार, राग मानू नका.

शोध म्हणजे काय ते सांगते. तुमच्यासारखं काही जगात आधी कुठे होतं का, ते मी पाहायचं. नुसती पेटंटं नाहीत. जुनी मासिकं, पत्रकं, मेळाव्यात मांडलेली वस्तू, लोकांनी उघड वापरलेली वस्तू, सगळं त्यात आलं. एकदा चारचौघांत आली की ती वस्तू नवी राहत नाही, मग ती तुमची स्वतःची का असेना. म्हणून तर ग्रुपवर फोटो नको म्हटलं.

आता मला नीट सांगा. ही कल्पना तुम्हाला कधी सुचली? नाक वर उचलायचं कसं सुचलं? आणि तुमच्याशिवाय हा पाट कोणी पाहिला, कोणी वापरला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जपून द्या.

आईला सांगितलंत का? लाखांदूरला फोन केला की ती कंबरेचंच सांगते, दुसरं काही बोलत नाही. भावाचं पेटंट होतंय म्हटलं तर अख्ख्या मोहल्ल्याला चहा पाजेल.

तुमची,
शुभांगी

---

अड्याळ, ३ जून २०२५

प्रिय शुभांगी,

तू तं ठाणेदारासारखी विचारून राहिली. घे उत्तरं.

२०२१ साली, लॉकडाऊनमध्ये, दुकान बंद होतं तेव्हा सुचलं. नाकाचं असं झालं की सपाट तळाचा पाट करून पाहिला तं तो चिखलात तोंड खुपसते अन् चिखल मांडीवर येते. मांडीवर चिखल आला की लुगडं जड होते, मग सरकता येत नाही. दुकानात एक जुनं घमेलं पडलं होतं, काठ मुडपलेला. ते पाहिलं अन् डोक्यात लाईट लागला. नाक उचललं, काम झालं.

कोणी पाहिलं? कोणी नाही. घरच्या धानाच्या बांधीत एक हंगाम वापरला, तोही तुझ्या मामीनं. दुकानात पोत्याखाली झाकून ठेवतो.

तुझ्या आईले सध्या काही सांगू नको. आमची बाई म्हणजे बोलकी, उद्या लाखांदूरच्या बसस्टँडवर जाहीर करन. सही झाली की मीच पेढे घेऊन जाईन. आधी कायले?

अहवाल लवकर काढ. कंपनीचा पोरगा दर दोन दिवसांनी फोन करून राहिला.

वासुदेव मामा

---

पुणे, १८ जून २०२५

ती. मामांना सा. न.

तीन आठवडे तुमच्या पाटावरच बसले आहे असं समजा. एकशे बारा नोंदी काढल्या. चाकं लावलेले पाट सापडले, तरंगणारे सापडले, एका देशात नुसती सपाट फळी सापडली. प्रत्येक नोंदीपुढे लिहायचं असतं, ही आपल्या आड येते की नाही आणि का. नाक उचललेलं, टाच लावलेलं, चिखलात बसून सरकायचं असं एकही नाही. शेवटची ओळ लिहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले, मामा. इतका आनंद झाला.

पण मॅडमनी अहवाल परत पाठवला. एका ओळीखाली लाल रेघ. ओळ सत्तेचाळीस.

ते एका संस्थेच्या स्मरणिकेचं पान आहे. २०१२ साली लाखांदूरला बचत गटांचा मेळावा झाला होता, तिथे मांडलेल्या वस्तूंची यादी. कोणीतरी ते पान घाईत स्कॅन केलंय, उजवीकडचा मजकूर शिवणीत गेला आहे. वाचता येतं ते एवढंच : 'डोंगी (१४ नग), मंदाबाई, रोवणारीण बायांचा गट', आणि पुढे काळी सावली. शेजारी अंधूक फोटो, त्यात एक बाई बसलेली, बाकी सगळं पाणीच पाणी.

नाव माझ्या आईचं आहे. २०१२ ला मी नागपूरला होस्टेलात होते, मला या मेळाव्याचं काही माहीत नाही. मी लिहिलं होतं, 'डोंगी म्हणजे तलावात मासे-शिंगाड्यासाठी वापरायची छोटी नाव, संबंध नाही.' मॅडम म्हणतात, रोवणारीण बाया चौदा नावा कशाला करतील?

आईला विचारणार होते. पण तुम्ही तिला सांगू नका म्हणालात, आणि तुमचा शब्द मोडावासा वाटला नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारते. ही डोंगी कसली?

शुभांगी

---

अड्याळ, २३ जून २०२५

शुभांगी,

डोंगी म्हणजे डोंगी. नाव. तलावाच्या देशात जन्मली अन् डोंगी माहीत नाही काय? पुण्याच्या मॅडमले काय समजते आमच्याकडचं. गटाच्या बायांनी तेव्हा शिंगाड्याचा तलाव घेतला असन ठेक्यानं. त्यासाठी नावा केल्या असतील. माझा काय संबंध?

एवढ्या एका शब्दासाठी तू माझं काम अडवून राहिली का? एकशे बारामधून एकशे अकरा साफ आहेत म्हणतेस, तं एकासाठी काहून जीव टांगणीले लावतेस? तुझी आई म्हातारी झाली, तिले तेरा वर्षांपूर्वीचं काय आठवणार. तिले त्रास देऊ नको.

१० तारखेले सही आहे. घरात सगळ्याले सांगून बसलो. तुझ्या मामीनं सहीसाठी नवा सदरा शिवला. तू माझी भाची आहेस हे ध्यानात ठेव.

वासुदेव

---

पुणे, ३० जून २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि मग का कोण जाणे, तुमची सगळी पत्रं काढून टेबलावर मांडली. सवय आहे कामाची, एक शब्द घ्यायचा आणि कुठे कुठे येतो ते पाहायचं.

१९ मे. शेवटचा परिच्छेद. 'मंगलाबाई येऊन उभी आहे, माही डोंगी केव्हा देता म्हणून डोकं खाऊन राहिली.'

तेव्हा मी वाचून सोडून दिलं. तुम्ही मासेवाल्यांच्या टिनाच्या नावा दुरुस्त करता, त्यातलीच एक असेल म्हटलं. पण मंगलाबाईला मी ओळखते, मामा. चाळीस बायांची टोळी घेऊन रोवण्याला जाणारी मंगलाबाई. ती पाण्याला इतकी भिते की गौरी बोळवायलाही तलावाच्या पाळीवरून खाली उतरत नाही. तिला नाव कशाला पाहिजे?

आणि तुमचं दुसरं पत्र. चिखल मांडीवर येतो, लुगडं जड होतं. तुम्ही कधी लुगडं नेसून पऱ्हे काढायला बसला होतात?

मले खोटं काहून सांगतलं, मामा? कंपनीले सांगा, मॅडमले सांगा, पण मले? तुमच्यासाठी मी सरांसमोर छातीवर हात ठेवून बोलली की माझे मामा एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत.

अहवाल ९ तारखेला जाणार. सत्तेचाळीसच्या पुढे मी आता लिहिणार आहे, 'डोंगी ही बहुधा याच प्रकारची वस्तू, खुलासा प्रलंबित.' मूळ स्मरणिका मिळाली तर पक्कं होईल. तुम्ही १० तारखेला सही करू नका. तो अर्ज म्हणजे पोलिसात दिलेला जबाब समजा. खोटा निघाला तर पेटंट जाईलच, आणि तुम्हीही अडकाल.

आईला मी अजून फोन केलेला नाही. तुम्ही सांगा. तुम्हीच सांगायला पाहिजे.

शुभांगी

---

पुणे, ९ जुलै २०२५

मामा,

उत्तर आलं नाही. फोन उचलत नाही. मामीला विचारलं तर म्हणाल्या, दुकानात आहेत, जेवायलाही येत नाहीत.

अहवाल आज दुपारी गेला. उद्या तो माणूस तुमच्या दारात येईल तेव्हा त्याने तो वाचलेला असेल की नाही मला माहीत नाही. हे पत्रही तुम्हाला उद्याच्या आत मिळणार नाही. तरी लिहिते. सही करू नका.

शुभांगी

---

अड्याळ, १४ जुलै २०२५

प्रिय शुभांगी,

मी सही केली.

लपवून काय करू. दहा तारखेले तो पोरगा आला, अहवाल त्यानं उघडूनही पाहिला नव्हता. नवा सदरा घालून बसलो होतो, मामीनं चहा केला, शेजारचा तुलाराम पाहायले आला. पेन हातात दिला अन् मी केली. पोरगा कागद बॅगमध्ये घालून गेला. तुलाराम म्हणाला, वासुदेवराव, आज तुम्ही गावाचं नाव काढलं. मी सदरा काढून खुंटीले टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लाखांदूरले गेलो.

आता खरं ऐक. २०१२ चा जून. तुझी आई लाखांदूरहून एसटीनं अड्याळले आली, डोक्यावर घमेलं. दुकानासमोर हँडपंप आहे तिथं नेहमी चिखल राहते. बाईनं घमेलं त्या चिखलात ठेवलं अन् त्यात बसली. सगळ्या बाजाराच्या समोर. मले म्हणाली, पाह्य, मी असं बसून पऱ्हे काढतो, पण समोरून चिखल आत येते. मी एक टिनाचा तळ ठोकून दिला. ती पुन्हा बसली, पुन्हा चिखल. मग म्हणाली, 'नाक उचल बे वासुदेव, चिखल मांडीवर येते.' पानठेल्यावरचे लोक हसले. मले लाज वाटली, मी चिडून पक्कड घेतली अन् नाक वर मुडपलं. बाई बसली, पायानं रेटा दिला, अन् सरकत सरकत हँडपंपाच्या पार पलीकडं गेली. तिथून म्हणाली, डोंगीसारखी चालून राहिली रे. तेव्हापासून डोंगी.

टाच मात्र माझी. तिच्या गटासाठी चौदा नग केले तेव्हा बसवली. मंगलाबाईची डोंगी त्या चौदांतलीच आहे, मी तिचा फक्त तळ बदलून राहिलो होतो. लॉकडाऊनमध्ये जुनं टिन पाहून मले वाटलं, आपलंच तं आहे हे. हातानं केलं म्हणजे आपलंच. असं वर्षभर मनाले सांगतलं की खरं वाटायले लागते, पोरी. तुले जे लिहिलं ते लिहितानी मले खोटं वाटलंही नाही. पण तू मेळाव्याचं लिहिलं तेव्हा डोंगी म्हणजे नाव असं लिहून मोकळा झालो. स्मरणिका निघाली होती ते मले माहीत होतं. बाईनं तेव्हा एक प्रत पाठवली होती, मी उघडलीच नाही. उघडली तं तिचं नाव दिसन म्हणून.

तं त्या दिवशी तिच्या घरी पोचलो. ती खाटेवर बसून होती, कंबरेले पट्टा. सगळं सांगतलं. अर्ज, सही, तुझी पत्रं, सगळं. ती उठली, पेटीतून स्मरणिका काढली अन् माझ्यापुढं टाकली. म्हणाली, वाच.

शिवणीत जे गेलं ते अस्सल कागदावर साफ आहे. मी इथं उतरवून देतो : 'डोंगी (१४ नग), मंदाबाई, रोवणारीण बायांचा गट. कल्पना व बनवणार : माझा भाऊ वासुदेव, अड्याळ.'

छापणाऱ्यानं 'माझा भाऊ' तसंच ठेवलं. तिनं सांगतलं तसं.

मी म्हटलं, बाई, कल्पना तं तुझी होती. ती म्हणाली, बाईनं घमेल्यात बसून काढली म्हटलं असतं तं कोणी घेतली असती? वेल्डिंगवाल्या भावानं केली म्हटलं, चौदाच्या चौदा गेल्या. अन् तुले नावाची हौस लहानपणापासून, मले माहीत नाही काय. मग म्हणाली, चहा घेशील की असाच रडशील.

स्मरणिका या पत्रासोबत रजिस्टर करून पाठवून राहिलो. तुझ्या मॅडमले दे. कंपनीच्या पोराले फोन करून अर्ज परत मागितला. तो म्हणाला साहेबाले विचारतो.

तुझ्यासमोर यायचं तोंड नाही.

वासुदेव

---

पुणे, २१ जुलै २०२५

ती. मामा,

स्मरणिका मिळाली. मूळ प्रतीत फोटो स्वच्छ आहे. आई चिखलात बसली आहे, डोंगीचं नाक वर, डाव्या हातात रोपांची जुडी. मी तो फोटो किती वेळ पाहत होते सांगू नका कोणाला. मला वाटायचं, आई रोवण्याला जाते म्हणजे जाते. ती कशावर बसते हे मी कधी विचारलं नाही.

अर्जाची काळजी नको. तो अजून दाखल झालेला नव्हता, सरांनी कंपनीला कळवलं आणि त्यांनी तो रद्द केला. आता पेटंट होणार नाही, तुमच्या नावावर नाही आणि आईच्याही नाही. चौदा बायांनी चारचौघांत वापरलं, छापून आलं, तेव्हाच ते सगळ्यांचं झालं. तीन हजार नगांचं कंपनी पाहते म्हणाली. असं म्हणतात तेव्हा पाहत नाहीत.

एक गोष्ट राहिली. अहवालात प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना असतो, 'कागदात शोधक म्हणून कोणाचं नाव आहे.' कागदावर जे आहे तेच लिहावं लागतं. म्हणून सत्तेचाळीसच्या पुढे मी लिहिलं, 'वासुदेव, अड्याळ.' तुमचं पेटंट ज्या कागदाने अडवलं, मामा, त्यावर शोधक म्हणून तुमचंच नाव आहे. मॅडम आयुष्यात पहिल्यांदा हसल्या. मला हसता आलं नाही.

रागावले होते. आता नाही. मंगलाबाईची डोंगी दिलीत का?

शुभांगी

---

अड्याळ, २ ऑगस्ट २०२५

प्रिय शुभांगी,

मंगलाबाईची डोंगी दिली. रोवणे अर्ध्यावर आले, ती रोज चिखलात घेऊन जाते.

तुझं पत्र वाचून दोन दिवस दुकान उघडलं नाही. तुमच्या अहवालात माझं नाव आहे, सरकारी नसलं तरी पक्क्या कागदावर, छापलेलं. हेच पाहिजे होतं ना मले. मामीले वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता खोडा.

तुले फोन केला तं तू म्हणालीस, खोडता येत नाही. कोणी शपथेवर लिहून दिलं तर ते अहवालाले जोडता येते. म्हणून काल पवनीले तहसीलीत गेलो. टिकाराम टायपिंगवाला तिथं झाडाखाली बसते. त्याले सगळं सांगतलं अन् त्यानं टाईप केलं : मी वासुदेव, वय अठ्ठावन्न, राहणार अड्याळ, शपथेवर लिहून देतो की डोंगी नावाच्या वस्तूची कल्पना माझी नसून माझी मोठी बहीण मंदाबाई हिची आहे, जून २०१२ मध्ये अड्याळ येथे माझ्या दुकानासमोर, चार लोकांच्या देखत, तिने मला पुढील शब्दांत सांगितले.

तिथं टिकाराम थांबला. म्हणाला, वासुदेवराव, हे 'बे' काढू काय? शपथपत्रात बरं दिसत नाही.

मी म्हटलं, राहू दे. ती तसंच बोलली होती.

तुझा मामा,
वासुदेव